तीर्थाचे डबके होऊ नये

सातपुड्याच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून अधिक उंचीवर वसलेले तोरणमाळ हे नंदुरबार जिल्ह्याचे भूषण आहे. शहाद्याकडून येणारा रस्ता सातपायरीचा घाट चढून वर येतो आणि यशवंत तलावाचा जलविस्तार समोर उलगडतो. नाथपंथीयांचे हे श्रद्धास्थान. महाशिवरात्रीला गोरक्षनाथांच्या यात्रेसाठी महाराष्ट्राबरोबरच मध्य प्रदेश आणि गुजरातमधूनही भाविकांची रीघ लागते. त्यात आता सहलींची भर पडली आहे. पर्यटन वाढावे, स्थानिकांच्या हाताला काम मिळावे, ही अपेक्षा रास्तच आहे. मात्र ही वर्दळ पेलण्याची तलावाची शक्ती किती, याचा विचार आज होणार की तलाव हातचा गेल्यावर, हा खरा प्रश्न आहे.

नदी आणि तलाव यांत मूलभूत अंतर आहे. वाहती नदी घाण काही प्रमाणात पुढे नेते. तलावात जे पडते ते बहुतांशी तिथेच साठते. सांडपाणी, खरकटे, साबण, निर्माल्य यांतून नत्र आणि स्फुरद पाण्यात उतरतात. त्यावर शेवाळ माजते. ते मरून कुजू लागले की पाण्यात विरघळलेला प्राणवायू खर्ची पडतो आणि मासे गुदमरतात. काठावरची झाडी तोडून बांधकामे उभी राहिली की पावसाबरोबर गाळ येतो, पाणी उथळ होते, लवकर तापते आणि ऱ्हासाला वेग येतो. पर्यटकाने फेकलेली बाटली डोळ्यांना खुपते. निवासस्थानाच्या शोषखड्ड्यातून झिरपणारे पाणी कोणालाच दिसत नाही. अधिक हानी त्यानेच होते.

ही भीती काल्पनिक नाही. नैनितालच्या तलावाच्या तळाशी प्राणवायू उरेना, म्हणून २००७पासून यंत्रांनी पाण्यात हवा सोडावी लागली. काश्मीरचे दल सरोवर शहराच्या आणि हाउसबोटींच्या सांडपाण्याने ग्रासले. निसर्गाने विनामूल्य दिलेले पाणी पुन्हा शुद्ध करण्यासाठी अशा ठिकाणी जनतेचा पैसा ओतावा लागतो. याउलट, माथेरानला २००३ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र घोषित करण्यात आले. तिथे खासगी मोटारी गावाबाहेरच थांबतात. म्हणून पर्यटकांनी माथेरानकडे पाठ फिरवलेली नाही. शिस्त लावली तर पर्यटन बुडते, हा युक्तिवाद त्यामुळे टिकत नाही.

हिंदू समाजाला तर ही शिस्त परकी नाही. जलाशयात मलमूत्र टाकण्यास आणि थुंकण्यास मनुस्मृतीने स्पष्ट निषेध केला आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवींनी देशभर घाट, विहिरी आणि कुंडे बांधली, त्यामागे जलसेवा हीच ईशसेवा ही भावना होती. यात्रेकरूच्या ठायी व्रत असते, पर्यटकाच्या ठायी मौज. दुर्दैवाने आज यात्रेकरूच पर्यटक होऊ लागला आहे. देवाला नमस्कार करून बाहेर पडताच द्रोण, पत्रावळी आणि प्लास्टिकच्या पिशव्या तीर्थाच्या काठी टाकणारा भाविक नेमकी कोणती भक्ती करतो? या प्रश्नाचे उत्तर शासनाकडे मागण्यापूर्वी समाजाने स्वतःकडे मागितले पाहिजे.

पाहुणे दोन दिवसांनी डोंगर उतरून जातात. मागे राहतो तो पिढ्यान् पिढ्या त्या डोंगरात नांदणारा भिल्ल आणि पावरा वनवासी समाज. त्याची गुरेढोरे त्याच परिसरातील पाण्यावर जगतात. पर्यटनाचा नफा शहरात जावा आणि गढूळ पाणी मात्र वनवासी बांधवांच्या वाट्याला यावे, याला विकास म्हणता येणार नाही. पं. दीनदयाळजींचा अंत्योदय हेच सांगतो, की योजनेचे मोजमाप शेवटच्या माणसाच्या घरी करायचे असते.

उपाय अवघड नाहीत. यात्रेपूर्वी आणि यात्रेनंतर पाण्याची तपासणी करून निष्कर्ष तलावाकाठच्या फलकावर लावावेत. स्नानयोग्य पाण्यात लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू हवा, हा मापदंड सर्वांना ठाऊक व्हावा. सांडपाण्याच्या शुद्धीकरणाची सोय दाखविल्याखेरीज नव्या निवासस्थानांना परवानगी देऊ नये. शौचालये व वाहनतळ काठापासून दूर असावेत. स्नानासाठी वेगळे कुंड असावे. जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९७४पासून अस्तित्वात आहे आणि तलावांचे रक्षण हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य असल्याचे राज्यघटनेचा ५१-क हा अनुच्छेद सांगतो. उणीव आहे ती अंमलबजावणीची.

ती भरून काढण्यात संघटित समाजाचा वाटा मोठा असला पाहिजे. यात्रेत पाणी आणि भोजन देणारे स्वयंसेवक असतात. कचरा गोळा करून तो घाटाखाली नेणारी पथकेही तितक्याच श्रद्धेने उभी राहावीत. त्यांत स्थानिक तरुणांना मानाचे आणि मोबदल्याचे स्थान मिळावे. गोरक्षनाथांच्या चरणी येणाऱ्या प्रत्येकाने स्वतःचा कचरा स्वतः परत नेण्याचा एवढा एक नेम केला, तरी ती यात्रा सफळ होईल. १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आलेला नंदुरबार जिल्हा अजून तरुण आहे. इतरांच्या चुका पाहून शहाणे होण्याची संधी त्याने दवडू नये.