नेट फास्ट आहे हो, पण...

मागच्या वीकेंडला इथे काही लिहिलं नाही. कारण घरचं नेट. म्हणजे नेट बंद नव्हतं, नेट जोरात होतं. तिथेच तर सगळा घोळ आहे.

नव्या वाचकांसाठी थोडं पुराण. गेल्या वर्षी पुण्यातली खोली सोडून मी कोल्हापूरला आई-आण्णांजवळ येऊन राहिलो. नोकरी पुण्यातलीच, खुर्ची फक्त रुईकर कॉलनीत. दिवसभर सगळं झकास. पण संध्याकाळी सातला क्लायंटचा कॉल सुरू झाला, की दहा मिनिटांत माझा आवाज तुटायला लागायचा. मी बोलून संपवेपर्यंत दुसऱ्याने बोलायला सुरुवात केलेली असायची. तिसऱ्या वेळी मॅनेजर म्हणाला, "अरे, गावाकडचं नेट असंच असणार. तू पुण्यात परत यायचा विचार कर ना." गोड आवाजात म्हणाला, पण पोटात गोळा आला. आण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन तोंडावर आहे, आणि मी पिंगपायी पुण्याला जाऊ?

मग मीही तेच केलं जे सगळे करतात. प्लॅन वाढवला! ५० एमबीपीएसचा २०० केला. फरक शून्य. केबलवाल्याला बोलावलं. त्याने फोनवर स्पीड टेस्ट मारली आणि म्हणाला, "सर, दोनशे येतंय की. आणि काय पायजे?"

त्याचं चुकलं नव्हतं. मी चुकीची गोष्ट विकत घेतली होती.

एमबीपीएस म्हणजे रस्ता किती रुंद. लेटन्सी म्हणजे जाऊन परत यायला किती वेळ. रस्ता आठपदरी केला म्हणून कोल्हापूर-मुंबई अंतर कमी होत नाही. स्टुअर्ट चेशायरने १९९६ सालीच या विषयावर लेख लिहून डोकं आपटलं होतं, आपण अजून तिथेच. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई इथून पावणेचारशे किलोमीटर धरा, जाऊन-येऊन चार मिलिसेकंद. मधल्या यंत्रांचा वेळ आणि वळणं धरून मला दुपारी ११ दिसत होते. म्हणजे 'गावाकडचं' असण्याची किंमत फार तर सात-आठ मिलिसेकंद. हे मॅनेजरला सांगायचं होतं, पण आवाज तुटत होता :)

संध्याकाळी सातला मात्र तोच आकडा ४३०. राउटरपर्यंत पिंग ३ मिलिसेकंद, म्हणजे वाय-फाय निर्दोष. त्याच्या पुढच्याच टप्प्यावर ४२०. झालं, चोर सापडला! मी केबलवाल्याला तावातावाने भलीमोठी तक्रार लिहिली. नशीब, पाठवली नाही. कारण पाठवण्याआधी सहज म्हणून घरातली बाकी सगळी उपकरणं वाय-फायवरून काढली, आणि आकडा परत ११.

चोर घरातच होता. आण्णा रोज रंकाळ्यावर फिरायला जातात आणि पाण्याचे, पक्ष्यांचे, मित्रमंडळाच्या गप्पांचे व्हिडिओ काढतात. तेही फोर-केमध्ये (सेटिंग मीच करून दिलेलं). सातला घरी आले, की फोन वाय-फाय पकडतो आणि बॅकअप सुरू. माझा नवा प्लॅन २०० चा खरा, पण तो खाली येणारा. वर जाणारा होता तेवढाच, १० एमबीपीएस. हे पत्रकावर कुठेच नव्हतं.

पण लाइन भरली तर बॅकअप हळू व्हावा, माझा आवाज का थांबावा? नवरात्रातली अंबाबाईची दर्शनरांग आठवा. गाभाऱ्यासमोरून मिनिटाला जाणारी माणसं ठरलेली. मांडव कितीही लांब घातला तरी दर्शन लवकर होत नाही, फक्त रांगेत जास्त माणसं मावतात आणि शेवटचा जास्त वेळ उभा राहतो. डब्यातला बफर म्हणजे तो मांडव. अर्धा मेगाबाइट बफर भरला, तर १० एमबीपीएसवर तो रिकामा व्हायला ४०० मिलिसेकंद लागतात. माझं "हॅलो" आण्णांच्या बगळ्यांच्या मागे उभं!

जिम गेटिस नावाच्या इंजिनियरला २०१० मध्ये स्वतःच्या घरच्या कनेक्शनवर हेच दिसलं. त्यानेच याला 'बफरब्लोट' हे नाव दिलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल नावाचा उपाय मांडला: रांगेत किती वेळ उभं राहावं लागतंय ते मोजा, आणि वेळ वाढतच राहिला तर काही पॅकेट टाकून द्या, म्हणजे पाठवणारा आपोआप हळू होतो. उपाय फुकट आहे, जुना आहे. तरी केबलवाल्याने लावलेल्या माझ्या डब्यात तो नव्हता.

इथे माझं भांडण आहे. २००४ च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस, २०२३ पासून किमान २ एमबीपीएस. व्याख्येतला आकडा वेगाचाच. ट्रायच्या २००६ च्या नियमांत लेटन्सी होती, १२० मिलिसेकंदांच्या आत, पण ती कंपनीच्या गेटवेपासून आंतरराष्ट्रीय गेटवेपर्यंत. २०२४ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले. पण संध्याकाळी सातला, लाइन भरलेली असताना, माझ्या टेबलावर किती? हा आकडा मला एकाही पत्रकावर दिसलेला नाही. पत्रकावर तोच छापा, एमबीपीएसच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. आणि वर जाणारा वेगही. नाहीतर माझ्यासारखे लोक रांग कमी व्हावी म्हणून मांडवाचे पैसे भरत राहणार.

असो. जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी चढवलं, एसक्यूएम चालू केलं आणि वर जाणारा वेग ९ एमबीपीएसला बांधला, म्हणजे रांग केबलवाल्याच्या डब्यात न लागता माझ्या राउटरमध्ये लागते, जिथे ती मला आवरता येते. बॅकअप चालू असताना आता २० च्या आसपास. प्लॅन परत ५० वर आणलाय.

सोमवारी कॉलवर मॅनेजरचाच आवाज तुटत होता. त्याला विचारलं, "सर, आत्ता तुमच्या घरी कोण बाहेरून आलंय का?" दोन सेकंद शांतता. म्हटलं अडकला. मग म्हणाला, "मुलगी आलीय क्लासवरून. का रे?"