पोलीस आले, सुटला!

मंडळी, गेल्या अंकात आम्ही फराळाच्या पार्सलावर लिहिलं, तेव्हा कोणीच काही बोललं नाही. या वेळचा विषय मात्र भांडणाचा आहे. आणि भांडण झालं ते आमच्याच बेसमेंटमध्ये, एका सिनेमावरून.

महिन्यातून एका शनिवारी आम्ही चार-पाच कुटुंबं जमतो. आधी पॉटलक, मग पिक्चर. या खेपेला निवड आमच्या चिरंजीवांची होती, त्यांनी 'गेट आउट' लावला. जॉर्डन पीलचा, २०१७ सालचा. सुमारे ४५ लाख डॉलरमध्ये केलेला, म्हणजे हॉलिवुडच्या हिशेबात चहापाण्याचा खर्च; जगभर धंदा मात्र २५ कोटींच्या वर. २०१८ साली स्वतंत्र पटकथेचं ऑस्कर मिळालं. हा मान मिळवणारा पील पहिला कृष्णवर्णीय लेखक.

क्रिस हा कृष्णवर्णीय फोटोग्राफर गोऱ्या मैत्रिणीच्या आईवडिलांना भेटायला त्यांच्या घरी जातो. घर भलतंच प्रेमळ. वडील न्यूरोसर्जन, ओबामाला तिसऱ्यांदाही मत दिलं असतं, असं आवर्जून सांगणारे. आई चहाच्या कपात चमचा फिरवत माणसाला संमोहित करते. (हल्ली आमच्या घरी चहात चमचा जरा वाजला की सगळे दचकून वर बघतात.) मग पार्टी होते आणि पार्टीच्या आड लिलाव. पाहुणे हाउजीच्या तिकिटांसारखी कार्डं वर करून मुकाट्यानं बोली लावतात, आणि विकला जात असतो तो क्रिस. शेवटही सांगणार आहोत, कारण भांडण तिथंच आहे. ज्यांना बघायचाय त्यांनी पान उलटावं, पुढे पाककृती आहेत.

तर शेवटी रक्तबंबाळ क्रिस रस्त्यावर, जखमी मैत्रीण जमिनीवर, आणि अंधारातून लाल-निळे दिवे लावलेली गाडी येते. आमचे अकाउंटंट मित्र सोफ्यावरून ओरडले, "पोलीस आले, सुटला!" त्याच क्षणी खाली गालिच्यावर बसलेले आमचे चिरंजीव म्हणाले, "मेला."

गाडीतून उतरला तो क्रिसचा मित्र रॉड, विमानतळावरच्या सुरक्षा खात्यातला. क्रिस वाचला, पण आमच्याकडे मसाला दुधाबरोबर जुंपली ती जुंपलीच. अकाउंटंट म्हणाले, "यात काळा-गोरा कशाला आणता? भुताखेताचा पिक्चर, मजा आली, संपलं. आपणही काही गोरे नाही. पंचवीस वर्षं गाडी चालवतोय, पोलिसानं कधी वाकडा शब्द काढला नाही." त्यांचीच मुलगी म्हणाली, "बाबा, क्रिसनं दिवे बघून आधी हात वर केले. तुम्ही लायसन्स शोधायला डिकी उघडता!"

चिरंजीवांनी मग दुसरा शेवट लावून दाखवला. पीलनं आधी तोच चित्रित केला होता: गाडी खरोखर पोलिसांची, आणि रॉड भेटायला जातो तो तुरुंगात. अकाउंटंट जरा गप्प झाले, पण हार कसली मानतात! म्हणाले, क्रिसचं काम करणारा डॅनिअल कालूया तर लंडनचा, त्याला इथलं काय ठाऊक? गंमत म्हणजे हाच सवाल मार्च २०१७ मध्ये सॅम्युएल जॅक्सननं रेडिओवर केला होता, तेव्हा आमच्या मित्राला वजनदार साथ आहे. आमचं मत वेगळं. कोल्हापूरच्या नटानं नागपुरी भूमिका चांगली केली तर आपण टाळ्याच वाजवतो. आणि लंडनच्या काळ्या मुलाला पोलीस काय ते कोणी शिकवायला नको.

एवढ्यात आमच्या सौ. पुऱ्यांचा डबा बंद करता करता म्हणाल्या, "ते सगळं खरं. पण त्या पार्टीत तो जपानी काय करत होता?"

आता पंचाईत झाली. सगळ्या गोऱ्या पाहुण्यांत तो एकटा आशियाई. क्रिसला विचारतो, आजच्या जगात काळं असण्याचा फायदा जास्त की तोटा? कोणी म्हणालं, तो उगीच घुसडलाय. कोणी म्हणालं, आपल्याला चिमटा आहे. आम्ही दूध ढवळत बसलो. चमचा न वाजवता.

कारण २००३ साली, पहिल्या नोकरीत, आमच्याकडे गाडी नव्हती. हिवाळाभर एक कृष्णवर्णीय सहकारी आम्हाला रोज घरी सोडायचा. त्याच्या घरापासून आमचं अपार्टमेंट वीस मिनिटं उलट्या दिशेला. मास्टर्स करायला आल्या आल्या सीनियर्सनी अमुक भागात घर घेऊ नकोस म्हणून जी यादी दिली होती, त्यातल्याच एका भागात तो राहायचा. आणि त्या माणसाला एका संध्याकाळी, त्याच्याच गाडीत बसून, आम्ही विचारलं होतं, "आता तुम्हा लोकांना नोकऱ्या मिळणं सोपं झालंय ना?" अगदी निर्मळ मनानं, माहिती म्हणून!

हे आम्ही बावीस वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं, सौ.नाही. त्या रात्री सांगितलं.

चिरंजीवांनी विचारलं, "मग तो काय म्हणाला?"

"काही नाही. रेडिओचा आवाज वाढवला. दुसऱ्या दिवशी परत न्यायला आला."

अकाउंटंट मित्राचं मत बदललेलं नाही, हे त्यांच्या आग्रहावरून इथं नोंदवतो. पुढच्या महिन्यात निवड त्यांची. 'अशी ही बनवाबनवी' लावणार म्हणतायत. मुलांनी सबटायटल्सची अट घातली आहे.