माप ओलांडले, पुढे काय?

अमरकोटच्या सोढा राजपुतांची व्यथा फाळणीने जन्माला घातली आणि पाऊणशे वर्षे उलटूनही ती सरलेली नाही. सोढा हे एक कूळ. सगोत्र विवाह निषिद्ध असल्याने सोढ्यांची सोयरीक सोढ्यांत होत नाही. ती पिढ्यान्‌पिढ्या होत आली बाडमेर, जैसलमेर, जोधपूरकडील राजपूत घराण्यांशी. १९४७ साली थरच्या वाळवंटात सीमारेषा ओढली गेली. अमरकोट पाकिस्तानात गेले, व्याही हिंदुस्थानात राहिले. धर्म सोडायचा नाही आणि कुळाचा नियमही मोडायचा नाही, असे ठरवलेल्या या समाजाला लेकी सीमेपार धाडण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

ही वाटही कधी सलग राहिली नाही. १९६५ च्या युद्धात बंद पडलेला मुनाबाव-खोखरापार लोहमार्ग २००६ मध्ये थार एक्सप्रेसने पुन्हा खुला केला. ऑगस्ट २०१९ मध्ये ती गाडीही थांबली. त्या वर्षी विवाह झालेल्या काही वधूंना सासरचा उंबरा दिसला तो २०२१ साली. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर अटारीचे द्वार मिटले आणि अमरकोटला निघालेली बाडमेरची एक वरात तेथूनच माघारी फिरली. राष्ट्ररक्षणार्थ उचललेल्या त्या पावलाबद्दल आमची तक्रार नाही. पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द करताना हिंदूंना दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा सरकारने अबाधित ठेवले, हा विवेक स्वागतार्हच होता.

प्रश्न आहे तो सासरी पोहोचलेल्या मुलीचा. अमेरिकन तरुणीने भारतीय नागरिकाशी विवाह केला, तर विवाहाची नोंदणी होऊन तो दोन वर्षे टिकल्यावर तिला ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. ते मिळाले की व्हिसाची आजन्म चिंता मिटते. मात्र जी व्यक्ती कधीही पाकिस्तान वा बांगलादेशची नागरिक होती, तिला हे कार्ड मिळूच शकत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने हा नियम योग्यच आहे. पण त्याच्या जाळ्यात सापडते ती हिंदू राहण्यासाठीच सीमा ओलांडणारी मुलगी!

तिच्यासाठी मार्ग उरतो तो दीर्घ मुदतीच्या व्हिसाचा आणि त्यानंतर नागरिकत्व कायद्याच्या कलम ५(१)(ग) खालील नोंदणीचा. १९५५ च्या मूळ कायद्यात नागरिकाच्या पत्नीला वास्तव्याची अट नव्हती. १९८६ मध्ये पाच वर्षांची अट आली, २००३ च्या दुरुस्तीने ती सात वर्षांची झाली. २०१९ च्या नागरिकत्व सुधारणा कायद्याने हे सारे सुटले, असा अनेकांचा समज आहे. परंतु त्या कायद्याची मर्यादा ३१ डिसेंबर २०१४ ही आहे. त्यानंतर आलेल्या नववधूला त्याचा लाभ नाही.

आणि विलंबाची झळ केवळ तिलाच लागते असे नाही. ३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मलेल्या अपत्याला जन्माने नागरिकत्व मिळण्यासाठी माता-पित्यांपैकी एक नागरिक असणे पुरेसे नाही. दुसऱ्याने अवैध स्थलांतरित नसणेही आवश्यक आहे. म्हणजे व्हिसाची मुदत टळून गेली आणि त्याच काळात अपत्य जन्मले, तर पिता भारतीय असूनही त्या बाळाचे नागरिकत्व वादात सापडू शकते. एका कागदाच्या दिरंगाईची शिक्षा पुढच्या पिढीने का भोगावी?

विवाहाच्या आडून शत्रूचा हस्तक शिरू शकतो, हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. चौकशी कठोरच हवी. पण कठोर चौकशी म्हणजे अनंत चौकशी नव्हे. अर्जावरील निर्णयाला कालमर्यादा असावी. शेजारी देशांतील हिंदू, शीख आदी अल्पसंख्य समाजांतील वधू-वरांसाठी सात वर्षांची अट पुन्हा पाचावर आणावी. २०१६ साली केंद्राने काही जिल्हाधिकाऱ्यांना अशा अल्पसंख्यांच्या अर्जांवर निर्णयाचे अधिकार दिले होते; त्यांत आपले मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर हे जिल्हेही होते. निर्णय जिल्ह्यातच व्हावा, हेच धोरण या सोयरिकींच्या बाबतीत सर्वत्र लागू व्हावे.

सरकारने करायचे ते सरकार करील. समाजाने करायचे तेही थोडे नाही. उल्हासनगर असो वा नागपूरचे जरीपटका, सीमेपलीकडून आलेली कुटुंबे आपल्या शेजारी राहतात. विवाहाची नोंदणी झाली का, व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरणाचा अर्ज गेला का, बदललेला पत्ता कळवला का, बाळाचा जन्मदाखला काढला का, एवढी विचारपूस प्रत्येक वस्तीतील कार्यकर्त्याला सहज करता येईल. कायदा जाणणाऱ्यांनी आठवड्यातील एक सायंकाळ अर्ज भरून देण्यासाठी द्यावी.

मुलगी माप ओलांडून घरात येते, त्या क्षणी घर तिला आपली मानते. देशाने थोडा वेळ घ्यावा, पारखून घ्यावे. पण आपल्याकडे आसऱ्याला आलेल्या लेकीला तारखांमागून तारखा देत ताटकळत ठेवू नये.