परत आलेला चेक

आमच्या सोसायटीच्या ऑफिसातले कपाट गेल्या वर्षी वसुबारसेच्या आधीच्या रविवारी साफ झाले. तळाच्या खणात बंद पडलेल्या पंपाची बिले, दोन कुलपे, गणेशोत्सवाची जुनी पावती पुस्तके आणि लाल फडक्यात बांधलेली बारा टंकलिखित पाने निघाली. सेक्रेटरींनी चष्मा पुसला, वाचायला सुरुवात केली आणि तिसऱ्या पानावर थांबले. आमची इमारत ज्या भूखंडावर उभी आहे, तो नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतलेला होता. नव्याण्णव वर्षे संपून दोन वर्षे झाली होती.

मी या इमारतीत एकतीस वर्षे राहतो. दुसऱ्यांच्या मजकुरातला चुकलेला ऱ्हस्व-दीर्घ शोधण्यावर माझे पोट चालते. घरी येऊन माझ्या फ्लॅटचा करार काढला, तर चौथ्या पानावर ‘लीजहोल्ड’ हा शब्द स्वच्छ छापलेला. त्याच पानाच्या तळाशी माझी सही. आयुष्यातले सर्वांत महाग प्रूफ मी न वाचताच छपाईला सोडले होते.

यंदाचा दिवाळी अंक ‘घर’ या विषयावर काढायचे ठरले ते त्या रविवारी. कथाकार आणि कवी मंडळींनी घराच्या भिंती, उंबरे, माळे, गच्च्या आणि त्यांतली माणसे यांवर मनापासून लिहिले आहे. घराखालच्या जमिनीचे रूक्ष काम संपादकाकडे आले. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. या अंकात गृहप्रकल्पांच्या पाच पानभर जाहिराती आहेत आणि त्यांच्यामुळेच अंक या किमतीत तुमच्या हाती पडला आहे. पाडव्याचे बुकिंग, पोहण्याचा तलाव, स्टेशनपासूनचे अंतर, सगळे त्यांत आहे. जमीन मालकीची की पट्ट्याची, हे पाचांपैकी एकीतही नाही. आम्ही विचारले नाही. त्यांनी सांगितले नाही.

‘ओनरशिप फ्लॅट’ हा आपल्याकडचा मोठा गोड शब्द आहे. त्यातली ओनरशिप चार भिंतींपुरती असू शकते. इमारत एकाची आणि तिच्याखालची जमीन दुसऱ्याची, ही व्यवस्था आपल्या कायद्याला पूर्ण मान्य आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात तर एक अफलातून सोय आहे. करारात वेगळे काही ठरले नसेल, तर पट्टा संपल्यावर ताबा सोडण्याआधी भाडेकरूने स्वतः जमिनीला जोडलेल्या वस्तू काढून न्याव्यात आणि जमीन घेतली होती तशी परत करावी. कौलारू घरे आणि लाकडी वासे यांच्या काळात हे शहाणपणाचे असेल. सात मजले उचलून न्यायला मात्र वास्तुशांतीला आलेले सगळे पाहुणे पुन्हा बोलावले तरी पुरायचे नाहीत. शिवाय अनेक करारांत एवढीही मुभा नसते. मुदत संपली की बांधकामही जमीनमालकाचे, असे कलम असते.

मुंबईला या प्रकाराचे वावडे असण्याचे कारण नाही. आंदणात मिळालेली ही बेटे इंग्लंडच्या राजाने १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला दिली ती वर्षाला दहा पौंड भाड्याने. पुढे १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याचे आखीव रस्ते आणि मोकळे भूखंड ही त्याची करणी. ट्रस्टने भूखंड पट्ट्याने दिले. काही ९९ वर्षांचे, काही ९९९ वर्षांचे. ज्ञानेश्वरी लिहून झाल्याला अजून ९९९ वर्षे व्हायची आहेत, हे लक्षात घेतले की दुसऱ्या प्रकारच्या भाग्यवंतांचा हेवा वाटतो. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला आणि पालिका आयतीच जमीनदार झाली. कुलाब्यापासून शिवडीपर्यंत गोदीची जमीन. शिवाय कलेक्टरची जमीन, म्हाडाची जमीन, उपनगरांत जुन्या खोतांच्या आणि त्यांच्या ट्रस्टांच्या जमिनी. नागपुरात नझूल आणि सुधार प्रन्यासचे तीस-तीस वर्षांचे पट्टे. राज्यातल्या शहरांत आपण कुणाच्या तरी अंगणात राहतो, एवढेच.

पण सगळ्यांत बोचरी गोष्ट खाडीपलीकडची आहे. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली आणि ठाणे, बेलापूर, पनवेल, उरण इथल्या आगरी-कोळी गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादन झाल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात आंदोलन पेटले, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. तो भूखंड शेतकऱ्याला परत मिळाला कसा? साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. ज्याच्या आजोबांच्या नावावर सातबारा होता, तो नातू त्याच परिसरातल्या आपल्या तुकड्याचा भाडेकरू झाला. त्याने तो बिल्डरला दिला, बिल्डरने त्यावर इमारत उभी केली आणि डोंबिवलीतली जागा विकून आलेल्या जोडप्याने तिथे ‘स्वतःचे घर’ घेतले. सिडकोने सत्तरच्या दशकात दिलेल्या पट्ट्यांची साठ वर्षे २०३० च्या दशकात भरतात. पट्टे फ्रीहोल्ड करण्याच्या घोषणा अधूनमधून होतात. पण घोषणा आणि सोसायटीच्या नावाचा कागद यांच्या मध्ये टेबले पुष्कळ असतात.

मुदत संपली की कुणी घराबाहेर काढील, ही भीती मला तितकी खरी वाटत नाही. चाळीस कुटुंबांचे सामान रस्त्यावर मांडायला कुठलेही सरकार सहसा धजत नाही. खरा धोका त्याच्या कितीतरी आधी, रोजच्या व्यवहारात सुरू होतो. घर विकायचे, तर जमीनमालकाची एनओसी आणि हस्तांतरण शुल्क. कलेक्टरची जमीन ‘भोगवटादार वर्ग २’ असेल, तर आधी परवानगी. ती न घेता झालेल्या जुन्या व्यवहारांचा दंड कधीकधी नव्या मालकाच्या गळ्यात. कर्ज काढायचे, तर बँक आधी पट्ट्याची उरलेली वर्षे मोजते आणि ती कमी असतील तर गोड बोलून फाईल परत करते. म्हणजे गिऱ्हाईक रोखीचे हवे, आणि रोखीचे गिऱ्हाईक भाव पाडूनच मागते.

आणि पुनर्विकास. इमारतीचे वय आणि पट्ट्याचे वय बहुतेकदा एकदमच सरते. स्लॅबमधून सळ्या दिसू लागतात, लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचे गुडघे गेलेले असतात, बिल्डर मोठ्या खोल्यांचे नकाशे दाखवून जातो, आणि नेमक्या त्या क्षणी कळते की पहिली सही आपली नव्हेच. जिच्या नावाची आठवण तीस वर्षांत कुणी काढली नव्हती, ती मंडळी आता टेबलापलीकडे बसतात आणि त्यांच्या संमतीला भाव असतो. मानीव अभिहस्तांतरण करून घेतले तरी अशा जमिनीत सोसायटीला मिळतो तो पट्ट्याचा उरलेला काळ. मालकी कुणी देत नाही, कारण बिल्डरकडेही ती कधी नव्हती.

भाड्याची गोष्ट आणखी वेगळी. जुन्या करारात वर्षाचे भाडे चहाच्या बिलाएवढे असते. नूतनीकरणाला मात्र हिशेब रेडी रेकनरचा. वांद्र्याच्या सरकारी भूखंडांवरच्या सोसायट्या या वाढीविरुद्ध उच्च न्यायालयात गेल्या. भाडे चारशे ते एकोणीसशे पट झाल्याचे त्यांचे म्हणणे होते. २०२४ मध्ये न्यायालयाने वाढ कायम ठेवली; दर पाच वर्षांनी ती पुन्हा करण्याची तरतूद तेवढी नाकारली. त्याआधी २००४ मध्ये गोदीच्या जमिनींबाबत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की सार्वजनिक संस्थेने नफेखोर घरमालकासारखे वागू नये, मात्र वाजवी वाढ करायला तिला मोकळीक आहे. वाजवी म्हणजे किती, यावर वकिलांच्या दोन पिढ्यांची घरे झाली. बहुधा मालकीच्या जमिनीवर.

सरकारचे एक कौतुक करायलाच हवे. एकोणतीस वर्षांहून लांब पट्ट्यावर मुद्रांक शुल्क घेताना ते हिशेब बाजारभावाच्या नव्वद टक्क्यांवर, विक्रीखतासारखा लावते. पैसे घेतेवेळी आपण जवळजवळ मालक. मुदत संपली की भाडेकरू.

पट्ट्याची जमीन म्हणजे फसवणूकच, असे मात्र मी म्हणणार नाही. सिंगापुरात बहुतेक लोक ९९ वर्षांच्या पट्ट्यावरच्या सरकारी घरांत राहतात आणि मराठी मंडळीही तिथे हे नीट जाणून घर घेतात. उरलेली वर्षे किती, हा प्रश्न तिथे भाव विचारण्याइतका साधा आहे. गेलांग लोरोंग ३ या भागातल्या १९१ घरांचा साठ वर्षांचा पट्टा ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि ती घरे नुकसानभरपाईविना सरकारकडे गेली. कठोर आहे. पण तिथे घड्याळ भिंतीवर टांगलेले होते. आपल्याकडे ते कपाटाच्या तळाशी, लाल फडक्यात बांधलेले असते. त्यामुळे संपत आलेल्या पट्ट्याचा फ्लॅटही शेजारच्या मालकीच्या जमिनीवरच्या फ्लॅटच्या भावाने विकला जातो. घेणारा विचारत नाही. विकणाऱ्याला बहुतेकदा ठाऊकही नसते. माझ्याकडून कुणी घर घेतले असते, तर मीही हाच अन्याय निरागसपणे केला असता.

विचारायचे काय, तर फार नाही. मालमत्ता पत्रकावर ‘सत्ता प्रकार’ नावाचा रकाना असतो, तो वाचावा. प्रकल्प नवा असेल, तर महारेराच्या संकेतस्थळावर जमिनीच्या हक्काचा वकिली अहवाल असतो. पट्टा असेल तर तो पुरता मागून घ्यावा: सुरू कधी झाला, संपतो कधी, नूतनीकरण हक्काने की मर्जीने, विक्रीला आणि पुनर्बांधणीला कुणाची परवानगी. किचनचे तोंड पूर्वेला आहे का हे बघायला आपण दोनदा जातो. त्यातली एक फेरी इकडे वळवता येईल. आणि हे सगळे वाचून उरलेली वर्षे किमतीतून वजा करावीत. मग खुशाल घ्यावे.

आमचे काय झाले, ते सांगतो. जमिनीच्या मूळ मालकांचे वारस शोधायला चार महिने लागले. भाडे कित्येक वर्षे भरलेले नव्हते, कारण कुणी मागितले नव्हते. आणि न भरणे हा करारभंग, असे त्या बारा पानांपैकी नवव्या पानावर होते. सेक्रेटरींनी सगळी थकबाकी जोडून सोसायटीचा चेक रजिस्टर पोस्टाने पाठवला. रक्कम आमच्या गणपतीच्या वर्गणीहून कमी होती. अकराव्या दिवशी पाकीट परत आले. वकील हसले. मुदतीनंतर मालकाने भाडे स्वीकारले की पट्टा पुढे चालू ठेवायला त्याची संमती आहे असा अर्थ निघू शकतो. म्हणून जाणकार मालक असा चेक घेत नाही. तुम्ही पाठवत राहा, ते म्हणाले, आणि परत आलेली पाकिटे जपून ठेवा, फोडू नका.

तेव्हापासून तिसरे पाकीट परवा रवाना झाले. कपाटाचा तळाचा खण आता त्याच कामाला दिला आहे. खाली मुले आकाशकंदिलाची वायर टाकत आहेत आणि जिन्याच्या भिंतीला खिळा ठोकू का, असे त्यांनी मला विचारले. ठोका म्हणालो.