रस्स्यात थोडे पाणी वाढवा

“वहिनी, यंदा ईदला बोलावलं न्हाईसा?”

2024 च्या रमजान ईदनंतर आठवड्याभराने समोरच्या घरातल्या आजींनी मला विचारले. तीस वर्षांत हा प्रश्न विचारण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. तब्येत बरी नव्हती, असे सांगून मी निसटले. ते खोटे होते. 7 जून 2023 ला कोल्हापुरात स्टेटसवरून बंद झाला, दगडफेक झाली, आपल्या लोकांच्या दुकानांची मोडतोड झाली, इंटरनेट बंद पडले. त्यानंतर आमच्या घरात एक न बोललेला ठराव झाला होता : आता कोणाला बोलवायचे नाही. आले नाहीत तर आपला अपमान, आले तर त्यांची अडचण. म्हणजे आम्ही कोणाला विचारलेच नाही आणि त्यांचा नकार मात्र गृहीत धरला.

हा ठराव माझ्या एकटीच्या घरात झाला असता तर हा लेख लिहिला नसता.

घरी बोलावणे बंद करून आपण काय सुरू केले? ईद-मिलन. हॉल, स्टेज, मोठा फलक, त्यावर हात जोडलेले दहा चेहरे. पाहुणे येतात, शाल घेतात, प्लॅस्टिकच्या पेल्यातला शिरखुर्मा दोन चमचे चाखतात, भाईचाऱ्यावर बोलतात आणि पुढच्या कार्यक्रमाला जातात. असे कार्यक्रम होऊ नयेत असे मी म्हणत नाही. पण फोटोत शेजारी उभा राहिलेला माणूस आपल्या घरी आलेला नसतो. आपल्या मुलीची परीक्षा कधी आहे, आपल्या आईचे गुडघे का दुखतात, हे त्याला ठाऊक नसते. गल्लीत अफवा शिरते तेव्हा “थांबा, मी त्या घरात जेवलोय” असे सांगणारा माणूस लागतो. तो स्टेजवर तयार होत नाही. तो आपल्या स्वयंपाकघराच्या दारात पाट ओढून बसलेला असतो.

दोष सगळा 2023 वर टाकून मोकळे होऊ नका. आपला दस्तरखान त्याच्या कितीतरी आधी आखूड झाला होता. बागवानांकडे बागवान, शिकलगारांकडे शिकलगार, मोमिनांकडे मोमीन. पिंजाऱ्याच्या घरी आपण शेवटचे कधी जेवलो? मशिदीत एका सफमध्ये खांद्याला खांदा लावणारे आपण, जेवायला बसताना बिरादरी पाहतो. आणि बोलावतो तेव्हा थेट पाचशे माणसांना. मंगल कार्यालय, छापील पत्रिका, कर्ज. ज्या वलिम्याला श्रीमंतांना बोलावले जाते आणि गरिबाला वगळले जाते, त्याचे जेवण सर्वांत वाईट, असे पैगंबरसाहेबांनी सांगून ठेवले आहे. ही हदीस आपण वाझमध्ये ऐकतो आणि पत्रिकांची यादी करताना विसरतो.

आणखी एक गोष्ट बायकांनीच बोलायला हवी. आमच्याकडे ईदला साठ माणसे पंगतीपंगतीने जेवून जात. लोक म्हणत, काय दिलदार घर आहे! या दिलदारीत मी आणि माझी जाऊ पहाटेपासून चुलीपुढे. स्वतःच्या हातचा शिरखुर्मा मी रात्री, उभ्यानेच, गार झालेला खाल्ला आहे. ज्या मेजवानीत घरची बाई बसत नाही तिला पाहुणचार कसे म्हणायचे? तो पुरुषांचा मान आणि बाईची मजुरी असते.

काही जण मला विचारतील, “ज्याच्या दारात दगड पडले, त्यानेच आता जेवणही वाढायचे काय?” प्रश्न रास्त आहे. 14 जुलै 2024 ला विशाळगडाच्या पायथ्याच्या गजापुरात घरांवर आणि मशिदीवर हल्ला झाला. त्याचा न्याय पोलिसांकडे आणि कोर्टाकडेच मागायला हवा, आणि तो शिरखुर्म्याच्या वाटीत मिळणार नाही. जेवायला बोलावणे हा आपल्या निष्ठेचा दाखला नव्हे, माफीनामा तर नव्हेच. दगड मारणाऱ्याला बोलवा असे मी म्हणत नाही. ज्या आजींनी दगड मारला नाही, ज्या वाट पाहत बसल्या, त्यांना आपण का वाळीत टाकले, एवढेच विचारते आहे.

हे शहर शाहू महाराजांचे, असे आपण भाषणात सांगतो. 1906 साली त्यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले मुस्लिम बोर्डिंग हा आपला अभिमान आहे. पण त्याच महाराजांनी गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढायला लावले आणि स्वतः तिथे जाऊन चहा घेतला. अस्पृश्यतेविरुद्ध त्यांनी हुकूम काढले, कायदेही केले. तरीही दलिताच्या हातचा कप स्वतःच्या ओठांना लावणे त्यांना आवश्यक वाटले. हुकमाने शाळेचे दार उघडते, पण घराचे दार माणसालाच उघडावे लागते.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. ईदची वाट पाहू नका, कोणताही रविवार चालेल. आठच माणसे बोलवा. त्यांत एक घर दुसऱ्या बिरादरीचे असू द्या, एक दुसऱ्या धर्माचे. कोणी मटण खात नसेल तर त्याचे भांडे वेगळे ठेवा आणि तसे मोकळेपणाने सांगा. घरची बाई सगळ्यांबरोबर बसेल, ताटे पुरुष उचलतील. फोटो नको, भाषण नको. खर्चाची भीती वाटत असेल तर पैगंबरसाहेबांनी अबू जर यांना काय सांगितले ते आठवा : रस्सा शिजवाल तेव्हा त्यात पाणी जास्त घाला आणि शेजाऱ्यांची आठवण ठेवा. पातेलेभर तांबड्या-पांढऱ्यासाठी जीव टाकणाऱ्या कोल्हापूरकराला याहून सोपी शिकवण कोणती असेल?

आजींनी विचारले त्याच्या पुढच्या रविवारी मी चार घरांना बोलावले. दोन घरे आली. आजी शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेऊन आल्या आणि “उशीर केलासा,” एवढेच म्हणाल्या. मी त्यांच्याबरोबर बसून, गरम जेवले. आमच्या ह्यांनी ताटे उचलली, दोन फोडली.

जी दोन घरे आली नाहीत त्यांनी कारण सांगितले नाही, मीही विचारले नाही. त्यांना पुन्हा बोलावणार आहे. नकार द्यायचा तर तो त्यांनी द्यावा. त्यांच्या वतीने तो मी देणार नाही.