ऐकून घेण्याचे धैर्य

मतभेद नसावेत असे म्हणणे सोपे आहे. मतभेद असताना एकत्र वागावे कसे, हे शिकणे अवघड आहे. हा धडा शोधण्यासाठी आपणांस खानदेशाबाहेर जावयास नको.

१९३६ च्या डिसेंबरात फैजपूर येथे राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले. खेडेगावात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. म्हणून आठवण निघते ती नंदलाल बोस यांच्या सजावटीची आणि धनाजी नाना चौधरी यांच्या कष्टांची. आम्हांस त्यामागील दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. अध्यक्ष पंडित नेहरू समाजवादाचे उघड पुरस्कर्ते होते. त्यांच्या त्या भूमिकेमुळे त्याच वर्षी सरदार पटेल, राजेंद्रबाबू आदींनी कार्यकारिणीचे राजीनामे दिले होते. गांधीजींच्या मध्यस्थीने ते परत घेतले गेले. पुढे अध्यक्षपदासाठी सरदारांचेही नाव आले. त्यांनी ते मागे घेतले. परंतु त्यावरून नेहरूंची सर्व मते आपणांस मान्य आहेत असे समजू नये, हेही जाहीरपणे सांगितले. मत लपविले नाही, आणि मांडवही मोडला नाही!

याच वर्षाची दुसरी बाजूही विसरता कामा नये. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने डॉ. आंबेडकरांस अध्यक्ष म्हणून बोलाविले. भाषणाचा मसुदा पाहून ते बिथरले. बाबासाहेबांनी त्यात बदल करण्याचे नाकारले, तेव्हा परिषदच रद्द झाली. जातिभेद मोडावयास निघालेल्या सुधारकांनाही ऐकून घेण्याचे धैर्य झाले नाही! बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच छापले. गांधीजींस त्यातील निष्कर्ष पटले नाहीत. तरीही भाषण होऊ न देणाऱ्या संयोजकांस त्यांनी दोष दिला. आणि बाबासाहेबांनी पुढील आवृत्तीत गांधीजींची टीका आपल्या उत्तरासह छापली. तडजोड दोघांनीही केली नाही. पण दुसऱ्याचे तोंड कोणीही बंद केले नाही.

सहिष्णुता म्हणजे मिळमिळीतपणा, असा एक गैरसमज आहे. ज्याला स्वतःचे मतच नाही, तो सहन तरी काय करणार? ज्याचे मत पक्के आहे, त्यालाच हा गुण अंगी बाणवावा लागतो. त्याला मर्यादाही आहे: जो दुसऱ्याच्या जिवास वा मानवी प्रतिष्ठेस हात घालू पाहतो, त्याला आवरलेच पाहिजे. परंतु आपल्याला न रुचणारे प्रत्येक मत या सदरात ढकलणे हा शुद्ध कांगावा होय.

आज वक्त्याचे नाव ऐकूनच व्याख्यान रद्द करावे, अशी मागणी होते. मोबाइलवरील नातलगांच्या गटातून वेगळ्या मताचा भाऊ काढला जातो. हे करणारे अडाणी नव्हेत. तुमच्या-आमच्यासारखे शिकलेले लोक आहेत. शिक्षणाने युक्तिवाद शिकविला; ऐकणे शिकविले नाही, असेच म्हणावे लागेल.

वाचकांस आमची एवढीच विनंती आहे. ज्याचे मत सर्वांत अधिक खुपते, त्याचे म्हणणे एकदा त्याच्याच शब्दांत, मध्ये न बोलता ऐकावे. मग हवे तेवढे खोडून काढावे. विरोधकाचे म्हणणे आपल्याच पुस्तकात छापण्याइतका आत्मविश्वास आपल्यापाशी आहे काय? नसेल, तर उणीव विरोधकात नाही. आपल्या श्रद्धेत आहे.