मनोपचाराचे मनुष्यबळ

भातसा आणि तानसा ही शहापूर तालुक्यातील धरणे मुंबईची तहान भागवितात. पण कसाऱ्याकडील पाड्यावर किंवा मुरबाडात माळशेजच्या पायथ्याशी एखाद्याचे मन खचले, तर त्याला ठाण्याची वाट धरावी लागते. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून उभे आहे. तेथवर जाणे म्हणजे दिवसाची मजुरी बुडविणे आणि वर वेडेपणाचा शिक्का बसवून घेणे. वीटभट्टीवर सहकुटुंब राबणाऱ्या कातकऱ्याला हे परवडत नाही. साहजिकच दुखणे अंगावर काढले जाते, नाहीतर भगताच्या हवाली होते.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरविला. पण हक्क कागदावरून पाड्यावर न्यायला माणसे लागतात. मनोविकारतज्ज्ञ तालुक्यांत पुरेशा संख्येने येतील, ही आशा व्यर्थ आहे. आणि प्रत्येक दुःखितास तज्ज्ञच हवा असेही नाही. गोव्यात झालेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांच्या साह्याने सरकारी आरोग्यकेंद्रांतील नैराश्याचे रुग्ण अधिक प्रमाणात बरे झाले. त्यांच्यामागे डॉक्टर व तज्ज्ञांचे पाठबळ होते, हे मात्र विसरता कामा नये.

हे काम आता मुंबई विद्यापीठाने अंगावर घ्यावे. शहापूर-मुरबाडमधील पदवीधरांसाठी मानसशास्त्र साहाय्यकांचा एक वर्षाचा अभ्यासक्रम तेथल्याच महाविद्यालयात चालवावा. निम्मा काळ आरोग्यकेंद्रात व आश्रमशाळेत जावा, विद्यार्थ्याला विद्यावेतन मिळावे आणि त्याला ठाकरी-कातकरी बोली समजाव्यात. मानसशास्त्राचे दूरस्थ शिक्षण २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने बंद केल्यामुळे खेड्यातील विद्यार्थ्याचा एक मार्ग खुंटला आहे. व्यावहारिक शिक्षणाचा दर्जा राखण्याचा हेतू योग्यच. पण मग वर्ग विद्यार्थ्याच्या गावाजवळ नेणे हे कर्तव्य ठरते.

अर्धवट शिकलेल्यांच्या हाती मन सोपविणे धोक्याचे, हा आक्षेप पोकळ नाही. त्याचे उत्तर मर्यादा आखून देण्यात आहे. साहाय्यकाने रोगनिदान करू नये, औषध देऊ नये. ऐकावे, धीर द्यावा, आत्महत्येचा धोका ओळखावा आणि रुग्णाला वेळीच तज्ज्ञाकडे पोहोचवावे. त्याच्या कामावर ज्येष्ठांची नियमित देखरेख असावी.

तरीही शासनाने पदेच निर्माण केली नाहीत, तर हे प्रमाणपत्र बेकारांच्या फायलीत आणखी एका कागदाची भर घालील. म्हणून अभ्यासक्रमाच्या आराखड्याबरोबरच आरोग्य खात्याने पदांची हमी द्यावी. ज्या तालुक्यांच्या पाण्यावर महानगर जगते, त्यांचे एवढे देणे फार नव्हे.